अंबरनाथची वेल आणि आमची जाळी

(डोंबिवली येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



कल्याणच्या पुढे तिसऱ्या स्थानकावर, वालधुनीच्या काठी, शके 982 म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेले शिवमंदिर उभे आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातले. महाशिवरात्रीला आपण तेथे रांगेत उभे राहतो, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात दर्शन घेतो आणि परततो. बाहेरची भिंत मात्र पाहायची राहूनच जाते!

ही भिंत सरळ नाहीच. कोपऱ्यामागून कोपरा पुढे येतो, मागे सरतो, आणि तीच घडी थेट शिखरापर्यंत चढत जाते. ही भूमिज शैली. शिखराच्या चार दिशांना चार उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या भागांत छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. हे दोरी-खुंटीचे गणित आहे. एक माप चुकले तर वरची ओळ बसणार नाही.

आता त्या चार पट्ट्यांचे शास्त्रातले नाव ऐका : लता! त्यांवरील नक्षी दुरून वेलबुट्टीसारखी दिसते. जवळून पाहिल्यास ती गवाक्षांची जाळी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर जी नालाकृती खिडकी आपण पाहतो, तिचाच हा वंश. शतकानुशतके कारागिरांनी ती कमान लहान केली, दुभागली, एकमेकींत गुंफली. आणि खिडकीची वेल झाली. भूमिती कोठे संपली नि वेल कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही.

आमच्या गृहसंकुलाच्या प्रवेशद्वारावरही वेल होती. प्लास्टरची, साच्यातून काढून चिकटवलेली. दोन पावसाळ्यांत निम्मी गळाली. भिंतीशी तिचे नातेच नव्हते. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत नवी मंदिरेही आपण याच रीतीने सजवतो, याचे मला अधिक दुःख होते.

अंबरनाथच्या शिखराचा माथा केव्हाच ढासळला आहे. काळा पाषाणही झिजतो, आणि शेजारची वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. 1868 मध्ये मुंबई सरकारने या मंदिराची रेखाचित्रे व साचे करवून घेतले. आपल्या वास्तुकला महाविद्यालयांतील किती विद्यार्थी वही घेऊन तेथे बसतात? येथे दोघे-तिघे बसलेले दिसतात. त्यांनी येत्या रविवारी सकाळी माझ्याबरोबर यावे. मोजपट्टी मी आणीन. दगडाला हात न लावता, लतेचा उरलेला भाग कागदावर उतरवून पाहू.