मणक्याचं ऑपरेशन : करावं की टाळावं?

(सोसायटीतील ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. उभा जन्म बँकेत कर्जाची प्रकरणं तपासण्यात गेला. तरी आज मणक्यावर बोलतोय, कारण आमच्या घरात या दुखण्याचे दोन पेशंट आहेत, आणि दोघांना गुण वेगवेगळ्या उपायांनी आला.

२५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती. सगळं सामान चौथ्या मजल्यावर आम्हीच चढवलं. पुढे सत्तरी गाठली आणि बागेची एक फेरीही पुरी होईना. पाय भरून यायचे, पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. बाकावर बसलं की दोन मिनिटांत बरं वाटायचं. मॉलमध्ये ट्रॉलीवर वाकून चालताना मात्र काही त्रास नाही!

याला लंबर कॅनॉल स्टेनोसिस म्हणतात. कमरेच्या मणक्यांमधून नसा जातात ती पोकळी वयाप्रमाणे अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते.

एका डॉक्टरांनी एमआरआय पाहून लगेच ऑपरेशन सांगितलं. दुसऱ्यांनी विचारलं, "किती चालता येतं?" काहीच त्रास नसलेल्या पुष्कळ वृद्धांच्या एमआरआयमध्येही अशी अरुंद जागा दिसते, हे त्यांनी समजावलं. सहा महिने फिजिओथेरपी केली : गुडघे छातीशी घेणं, पोटाचे व्यायाम, जागेवरची सायकल. आज बागेच्या चार फेऱ्या होतात.

पुढे हेच दुखणं हिला सुरू झालं आणि तिथे माझं चुकलं. मला गुण आला म्हणजे तिलाही येणार, या हट्टापायी वर्षभर तिला व्यायामच करायला लावला. तिचं बी विंगला हळदीकुंकवाला जाणंसुद्धा बंद झालं. एक दिवस म्हणाली, "अहो, पाय माझा आहे, तुमचं पासबुक नाही!"

ऑपरेशन झालं. नसांवर दाबणारं हाड आणि जाड झालेला अस्थिबंध काढला. मणका सरकलेला नसल्यामुळे स्क्रू घालावे लागले नाहीत. पायाचं दुखणं गेलं. कंबर अजून अधूनमधून दुखते, पण फिरायला निघालो की ती पुढे आणि मी मागे.

अमेरिकेत पिट्सबर्गला ऑपरेशनला तयार असलेल्या १६९ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी ठरवून दिली. दोन वर्षांनी दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. पण फिजिओथेरपीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं होतं! म्हणजे आधी व्यायाम करून बघण्यात सहसा नुकसान नाही, आणि गुण आला नाही तर ऑपरेशन करण्यात कमीपणा नाही. बीपी, शुगर, हृदय यांचा हिशोब मात्र आधी मांडावा.

एका गोष्टीत थांबू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

शेवटी कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवानिमित्त बागेत बाकं वाढवा. आमच्यासारख्यांची फेरी बाकापासून बाकापर्यंतच मोजली जाते.