इंग्रजींतील ‘टेक’ : घेणें कीं देणें ?

‘टेक’ म्हणजे घेणें, अशी इंग्रजी शिकणाराची पहिली समजूत असते. चहा घेणें, औषध घेणें, येथपर्यंत ती निभावतेही. पुढें मात्र दगा देते.

लातूर व नांदेड हीं आज परीक्षार्थींचीं शहरें झालीं आहेत. ‘लातूर पॅटर्न’ हें नांव महाराष्ट्रभर परिचित आहे. पण ज्या परीक्षेसाठीं येथील विद्यार्थी वर्षेंच्या वर्षें खपतो, तिच्याविषयीं इंग्रजींत बोलतांना तो नेमका अडखळतो. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक ती घेतात. इंग्रजींत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात! ‘आय गेव्ह द एग्झॅम’ हें वाक्य आपल्या देशांत चालून जातें. परंतु परदेशच्या विद्यापीठानें मुलाखत घेतली, तर हा उमेदवार कोठें परीक्षक होता कीं काय, असा ऐकणाराचा समज होण्याचा संभव आहे.

यांत मराठीचें उणें नाहीं. देगलूर-बिलोलीकडील तेलुगु घरांत आणि उदगीर-निलंग्याकडील कानडी घरांत परीक्षा ‘लिहितात’. १९५६ पर्यंत मराठीसह या तिन्ही भाषा एकाच हैदराबाद राज्यांत नांदत होत्या. तरी प्रत्येकीनें आपली रीत सोडली नाहीं. कोणत्या नामाशीं कोणतें क्रियापद जुळावें, हें ज्या त्या भाषेची रूढि ठरविते.

‘टेक’ हा शब्द तर मूळचा इंग्रजीही नव्हे. नॉर्स लोकांच्या भाषेंतून तो ११व्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला आणि ‘निमन’ या जुन्या क्रियापदाची जागा त्यानें बळकाविली. मूळ अर्थ हात लावणें, पकडणें. पुढें त्याचा संसार वाढला. प्रवासाला आपला वेळ ‘लागतो’, छायाचित्र आपण ‘काढतों’. दोन्हीं ठिकाणीं इंग्रजींत ‘टेक’. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत शिरतांना जोडे काढतात, तें ‘टेक ऑफ’. विमान उडतें, तेंही ‘टेक ऑफ’. सभा भरणें म्हणजे ‘टेक प्लेस’, आणि सभेंत बसणें म्हणजे ‘टेक अ सीट’.

याचें नवल वाटत असेल, तर आपलें ‘लागणें’ पाहा. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, नाद लागतो आणि मुलगा नोकरीला लागतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानें याचा एकच अर्थ पाठ केला, तर त्याची काय गत होईल?

म्हणून विद्यार्थ्यांनीं वहींत ‘टेक म्हणजे घेणें’ असें लिहूं नये. डावीकडे परीक्षा, वेळ, छायाचित्र, जोडे, सभा असे शब्द मांडावे. उजवीकडे प्रत्येकाचें पुरें इंग्रजी वाक्य लिहावें आणि तें रोज मोठ्यानें म्हणावें. घरांतील वडील मंडळींनीं तें ऐकून घ्यावें. पाठ केलेला अर्थ कागदावर गुण मिळवून देईल. पण चारचौघांत बोलावयाचें, तर वाक्य जिभेवर असावें लागतें.