‘बाप पण उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका

जरीपटक्याहून मी तुमची बचत गटाची समन्वयक बोलते आहे. आज हप्त्यांचं नाही, घरातल्या लहान बाळाचं बोलायचं आहे.

बैठकीत एखादी हळूच सांगते, “माझं बाळ दहा महिन्यांचं झालं, अजून बसत नाही.” बाकीच्या लगेच म्हणतात, “अगं, त्याचा बाप पण उशिराच चालला.” धीर द्यावाच. पण त्या धीरात वर्ष निघून जातं, आणि मेंदू सगळ्यात भराभर वाढतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच.

साधारण दोन महिन्यांचं बाळ आईकडे बघून हसतं. चार-पाच महिन्यांत मान धरतं. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं. दोन वर्षांचं झालं की ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं. थोडं मागेपुढे होतं. पण जास्त उशीर झाला, हाक मारल्यावर बघत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर दाखवाच. कानही तपासून घ्या. ऐकू येत नसेल तर बोलेल कसं?

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नका. वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके देतं, मान खाली टाकतं, हात उडवतं. आपण म्हणतो दचकलं, मुरडा आला, नजर लागली. ती आकडी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जाण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटके थांबलेले असतात.

जायचं कुठे? आधी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज असेल तर पुढे पाठवतं. तपासणी, उपचार मोफत असतात. नागपुरात मेयो आणि मेडिकल, दोन्हीकडे बालरोग विभाग आहे.

जाताना माता-बाल कार्ड न्या. बाळ पूर्ण दिवसांचं होतं का, जन्मताच रडलं का, वजन किती होतं, कावीळ झाली होती का, हे कागदावर लिहा. निघण्याआधी विचारा: हे काय असावं? घरी काय करू? परत कधी येऊ? आकडीचं औषध सुरू झालं तर आपल्या मनानं बंद करू नका.

आणि सासूबाईंनो, तुमच्याशीही बोलते. ग्रहणात सुनेनं भाजी चिरली म्हणून असं झालं, हे खरं नाही. तिला बोल लावू नका, तिच्यासोबत दवाखान्यात चला.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं बाळाचं कार्ड आणा. सगळ्या मिळून बघू. कुणाला जायचं असेल तर भाड्याचे पैसे गटातून देऊ, एक जण सोबत जाईल.