फिरता भोंगा



गिरणीचा भोंगा तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. तो कामाची वेळ सांगे. आज ज्या भोंग्याविषयी बोलायचे आहे, तो संकटाची वेळ सांगतो.

अमेरिकेच्या मध्यभागात टोर्नेडो नावाची भोवऱ्यासारखी वादळे होतात. ती घरेदारे उचलून नेतात. म्हणून तिकडे गावोगावी उंच खांबांवर भोंगे बसवलेले असतात. जुन्या भोंग्यात भोके पाडलेले चक्र गरगर फिरते, हवेचा झोत तुटत तुटत बाहेर पडतो आणि त्याचा आवाज होतो. विजेच्या नव्या भोंग्यात असे चक्र नसते. त्यात लाउडस्पीकर आणि कर्णे असतात. बॅटरी भरलेली असली म्हणजे वीज गेली तरी तो वाजतो.

मग यातले काही भोंगे फिरते कशाला? शिक्षकबंधूंनी हा हिशेब वर्गात जरूर मांडावा. आवाजाची ताकद चौपट केली, तर मोकळ्या माळावर तो दुप्पट लांब पोचतो. आता समजा, चारी दिशांना वाटली जाणारी ताकद एकाच दिशेला वळवली. त्या दिशेला ती चौपट झाली, म्हणजे अंतर दुप्पट झाले! मात्र बाकीच्या तीन दिशा उपाशी राहतात. म्हणून मोटर लावून कर्णे सावकाश फिरवायचे. पाळीपाळीने सर्वांना आवाज मिळतो. कर्णे एकावर एक रचले, की आवाज आभाळात वाया न जाता जमिनीलगत पसरतो. अर्थात वारा, झाडी, टेकड्या आणि घरे वाटेत आपला वाटा घेतातच.

पण फुकट काहीच मिळत नाही, बरं का! कर्णा पाठ फिरवतो तेव्हा आवाज मंदावतो. नुसता भोंगा वाजवताना ते चालते. शब्दांतून सूचना द्यायची झाली, तर वाक्य मध्येच तुटते. तिथे चहूकडे तोंडे असलेला स्थिर भोंगाच बरा. शिवाय फिरणारा भाग झिजतो, त्याची निगा ठेवावी लागते.

एवढे करूनही शेवटचा दुवा आपणच. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतील जॉप्लिन शहरावर टोर्नेडो आला. सुमारे वीस मिनिटे आधी भोंगे वाजले होते. तरी दीडशेहून अधिक माणसे दगावली. पुढे चौकशीत दिसून आले, की पहिला भोंगा ऐकून पुष्कळ लोक लगेच आसऱ्याला गेलेच नाहीत. भोंगे वरचेवर वाजत, त्यामुळे कान सरावले होते. खरेच काही आहे का, हे पाहण्यात मोलाची मिनिटे गेली.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावी भोंगा असेल, तर दोन गोष्टी विचारून ठेवा: कोणता आवाज कशासाठी, आणि तो ऐकल्यावर जायचे कुठे? घरच्या पोरांनाही ते सांगून ठेवा. भोंगा हाक मारतो. उठायचे काम आपले.