उलटी थांबली, पण कामावर कधी यायचं?

आजचा विषय जरा किळसवाणा आहे. जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या, मी थांबते.

आमच्या बचत गटाचं पोळीभाजी केंद्र आहे. मागे एकदा लग्नसराईत आमच्यातल्या एकीला रात्रभर उलट्या-जुलाब झाले. पहाटे थांबले आणि ती सातला कामावर हजर. का आली? न आल्यास मजुरी कापायची, हा नियम आम्हीच केलेला. तिने त्या दिवशी कोशिंबीर केली, पोळ्यांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून फोन सुरू झाले. या घरात चौघं आजारी, त्या घरात आजी. मी आधी पनीरवर संशय घेतला, दूधवाल्याशी भांडलेसुद्धा.

कुणाचीच शौचाची तपासणी झाली नाही, त्यामुळे नेमकं काय होतं ते छातीठोकपणे सांगता येत नाही. पण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, लक्षणं नोरोव्हायरससारखी आहेत. १९६८ साली अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत मुलं आजारी पडली होती, त्या गावावरून हे नाव आलं. आपल्याकडे २०२१ मध्ये केरळात वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी या विषाणूने आजारी पडले होते.

लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, म्हणून कालचं जेवण सोडून लोक आजच्या जेवणाला दोष देतात. बहुतेकजण एक ते तीन दिवसांत बरे होतात. अडचण पुढेच आहे. बरं वाटल्यावरही शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा जास्त काळ बाहेर पडत राहतो, आणि लागण व्हायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. पोळी तव्यावर कितीही कडक भाजा, घडी घालतो ती हातानेच ना?

हात म्हणाल तर सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, किमान २० सेकंद, नखांसकट. आमच्याकडे बांगड्या वर सरकवून धुवायची पद्धत आता लागली आहे.

स्वयंपाकघरात कुणाला उलटी झालीच, तर उघडं पडलेलं सगळं अन्न टाकून द्या. जीव तुटतो, मला ठाऊक आहे, पण उलटीचे बारीक तुषार लांबपर्यंत उडतात. हातमोजे आणि मास्क घालून घाण जुन्या कापडाने टिपा, ते कापड पिशवीत बांधून टाका. मग ४ टक्क्यांचं द्रव ब्लीच अर्धा कप घेऊन त्यात एकूण एक लिटर होईल इतकं पाणी घाला, आणि त्याने जागा ओली करून निदान पाच मिनिटं तशीच ठेवा. ओटा असेल तर नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रव चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

गिऱ्हाईकांचे फोन आले तर लपवू नका. आम्ही दोन दिवस लपवलं, तेवढ्यात आणखी डबे गेले. आरोग्य केंद्राला लगेच कळवा, कोणी काय खाल्लं याची यादी द्या, उरलेलं अन्न झाकून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा. आजाऱ्याला ओआरएस घोट घोट पाजत राहा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस मलूल झालं, लघवी कमी झाली, तर दवाखान्यात न्या.

आणि मजुरीचं. उलट्या-जुलाब पूर्ण थांबल्यावर ४८ तास कुणीही स्वयंपाकाला हात लावायचा नाही, हा आता आमचा नियम आहे. पण नुसता नियम केला की बायका आजार लपवतात, लपवणारच. म्हणून आम्ही प्रत्येक डब्यामागे एक रुपया वेगळ्या डब्यात टाकतो, त्यातून आजारी बाईला सुट्टीची मजुरी मिळते. गटात यावर बरीच वादावादी झाली. दोघीजणी आजही म्हणतात, फुकटची सवय लागेल. आत्तापर्यंत त्या डब्यातून तिघींना पैसे दिलेत, त्यातली एक त्या दोघींपैकीच.