औषधातला गोडवा
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. पण आपल्या घराघरांत माजून, खमीरा, जवारिश, शरबत ही औषधे चमच्याने घेतली जातात आणि ‘गोडाबरोबर औषध लवकर अंगी लागते’ असे वडीलधारी मंडळी खात्रीने सांगतात. त्यात खरे किती, हे पाहण्यासारखे आहे.

इतिहासापासून सुरुवात करू, कारण तेथे माझे पाय जमिनीवर असतात. ‘शरबत’ हा शब्द मूळ अरबी धातूपासून आलेला. दवाखान्यात मिळणाऱ्या ‘सिरप’चे मूळही तेच. म्हणजे कडू औषध साखरेच्या पाकात मुरवण्याची विद्या युनानी हकिमांकडून युरोपात गेली. माजून करताना वनस्पतींच्या पुडीच्या साधारण तिप्पट मध किंवा साखर घेण्याचा प्रघात आहे. त्यामागची दोन कारणे अगदी स्पष्ट आहेत. कडवटपणा झाकला जातो. आणि दाट पाकात जंतूंना वाढण्यापुरते मोकळे पाणी मिळत नाही, त्यामुळे औषध महिनोन्‌महिने टिकते. मोरंबा टिकतो तो याच कारणाने.

आता अंगी लागण्याचा प्रश्न. बहुतेक औषधे जठरात नव्हे, तर लहान आतड्यात शोषली जातात. दाट गोड पदार्थ जठरातून पुढे सरकायला वेळ घेतो. म्हणून पुष्कळ गोडाबरोबर घेतलेले औषध आतड्यात लवकर नव्हे, उलट थोडे उशिराच पोहोचते. हळदीचे पाहा. गूळ घालून हळदीचे दूध आपण सारेच पितो. हळदीतला मुख्य घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. तेव्हा मदत झाली तर ती दुधातल्या सायीची. गूळ फक्त चवीपुरता. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या संशोधकांच्या प्रयोगात, हळदीतल्या या घटकाबरोबर काळ्या मिरीतला तिखट घटक दिला, तेव्हा माणसांच्या रक्तात त्याचे शोषण सुमारे वीसपट वाढलेले आढळले. श्रेय तिखटाकडे गेले, गोडाकडे नाही!

सोनामुखीची, म्हणजे आपल्या सनाची, गोष्ट तर फार मजेची. तिच्या रेचक द्रव्याला निसर्गानेच साखरेचा रेणू जोडलेला असतो. त्या जोडीमुळे ते लहान आतड्यात फारसे शोषले जात नाही, थेट मोठ्या आतड्यात जाते. तेथले जंतू ती साखर तोडतात आणि मग औषध काम सुरू करते. म्हणूनच रात्री घेतलेल्या सनाचा गुण सकाळी येतो. येथे साखर शोषणाला मदत करत नाही. ती औषधाला मुक्कामापर्यंत सुखरूप नेते.

मग वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोटेच का? तसेही नाही. एका ठिकाणी साखर खरोखर हात धरून नेते, ते म्हणजे मीठ. आतड्याच्या अस्तरात अशी व्यवस्था आहे की ग्लुकोज आत जाताना मिठातला सोडियम सोबत घेतो आणि त्यामागोमाग पाणी जाते. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडत होते. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. विद्यार्थ्यांनो, एवढे वहीत लिहून घ्या. पण साखर जास्त घालू नका. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. जुलाब लागलेल्या मुलाला गोडमिट्ट शरबत पाजणाऱ्या माता मी पाहिल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता ज्या मंडळींसाठी मी आज उभा राहिलो, त्यांच्याकडे वळतो. मधुमेह असलेले कितीतरी आजी-आजोबा या सभागृहात आहेत. चहा बिनसाखरेचा घेतात आणि माजून मात्र ‘ते तर औषध आहे’ म्हणून सकाळ-संध्याकाळ खातात. हिशेब करा. दहा ग्रॅम माजुनात सुमारे सात ग्रॅम गोड. दोन वेळचे चौदा, म्हणजे जवळजवळ तीन चमचे साखर. मध आहे म्हणून रक्तातली साखर वाढत नाही असे नाही. मधाचा सुमारे ऐंशी टक्के भाग साखरच असतो. हकीमसाहेबांना आपला मधुमेह सांगा, आणि डॉक्टरांना आपले माजून सांगा. दोघांपैकी एकापासून लपवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती का आहे हे मला आजवर कळलेले नाही. पुष्कळदा तीच पुडी पाकाशिवाय, पाण्याबरोबर घेता येते. विचारले तर हकीमच सांगतील. इसबगोल घेत असाल तर इतर गोळ्यांत आणि त्यात दोन तासांचे अंतर ठेवा, कारण त्याचा बुळबुळीत थर गोळ्यांचे शोषण अडवू शकतो.

आणि तरुण मातांनो, मधाला आपल्याकडे किती मान आहे हे मी जाणतो. तरीही एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोट चाटवू नका, बाळगुटीतही नको. मधात कधीकधी एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते. पहिला वाढदिवस झाला की मग खुशाल द्या.