मानेचें वळण आणि पडद्यावरील आकाश

लोहगांवच्या धांवपट्टीवरून पश्चिमेकडे उडालेलें एक लहान विमान खडकीपर्यंत जातें आणि डावीकडे वळतें. मुळा-मुठेचा संगम खालून सरकतो, पर्वतीची टेकडी जवळ येते, आणि मार्केट यार्डाचीं लांबलचक छपरें व बिबवेवाडीच्या इमारती दिसूं लागल्या कीं विमान पुन्हां डावीकडे, पूर्वेच्या बाजूस वळतें. हडपसर गांठल्यावर वैमानिक उत्तरेकडे रोख धरतो, वाघोलीच्या सुमारास शेवटचें डावें वळण घेतो आणि पट्टीच्या समोर येतो. दक्षिणेकडून मागें फिरल्यापासून पट्टी त्याच्या डाव्या हाताला असते; नाकासमोर येते ती अगदीं अखेरीस. तोंवर मान वळवून तिच्याकडे पाहत राहणें, आणि वळण केव्हां घ्यावयाचें हें त्या पाहण्यावरून ठरविणें, हें वैमानिकाचें मुख्य काम.

ही फेरी वाटेल त्यास प्रत्यक्ष घडणारी नव्हे, कारण लोहगांव हें वायुदलाचें ठाणें आहे. परंतु संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्यें ती बिबवेवाडींतील एकाद्या घराच्या कोपऱ्यांतहि करतां येते. नवशिक्याची फजिती होते ती मात्र नेमकी या शेवटच्या वळणावर. पट्टी कोठें आहे हें त्याला दिसतच नाहीं. ती पडद्याच्या चौकटीबाहेर राहिलेली असते. तो अंदाजानें वळतो, पट्टी ओलांडून पलीकडे जातो, आणि चूक सुधारण्याकरितां वेग कमी असतांनाच विमान अधिक आवळून वळवितो. खऱ्या विमानांत जमिनीलगत असें केल्यानें पंखांची उचल नाहींशी होऊन विमान गिरक्या घेत कोसळूं शकतें, आणि असे अपघात अनेक झालेले आहेत. घरीं अभिमानापलीकडे कांहीं फुटत नाहीं, परंतु धडा मात्र चुकीचा शिकला जातो.

दोष पडद्याच्या रुंदीचा आहे. २४ इंची पडदा सुमारें ५३ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्यापुढें ६० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याशीं तो जेमतेम ४८ अंशांचा कोन करतो. मान न हलवितां दोन्ही डोळ्यांना मिळून दिसणारा प्रदेश सुमारें १८० अंशांचा असतो. म्हणजे घरच्या वैमानिकाला जगाचा चतुर्थांशच दिसतो. सुकाणूच्या दांड्यावर आंगठ्यानें ढकलावयाची एक लहानशी टोपी असते, तिनें दृश्य बाजूस सरकवितां येतें. परंतु मग पाहणें हें आंगठ्याचें काम होऊन बसतें, आणि ज्या हातानें विमान सांवरावयाचें त्याच हातावर हा दुसरा भार पडतो.

अमेरिकेंत एडविन लिंक यानें १९२९ च्या सुमारास जें पहिलें यशस्वी शिक्षण-यंत्र रचलें, त्यांत हा प्रश्न नव्हता. लिंकच्या घरीं वाद्यांचा कारखाना होता, आणि आपल्या पायपेटीला असतो तशा प्रकारचा भाता लावून त्यानें तें लटकें विमान डोलविलें. १९३४ सालीं अमेरिकन लष्करानें त्यांतील सहा यंत्रें विकत घेतलीं. त्यांत शिकणाऱ्याच्या डोक्यावर झांकण पडे. बाहेर न पाहतां केवळ तबकड्यांवर भरंवसा ठेवून कसें उडावें, एवढेंच त्यांत शिकवावयाचें होतें. डोकें वळलें कीं दृश्य वळावें, ही गोष्ट संगणकाच्या साह्यानें १९६८ सालीं आयव्हन सदर्लंड व त्याचे विद्यार्थी यांनीं साधली. त्यांचें यंत्र इतकें अवजड कीं तें छताला टांगावें लागे. आज तेंच काम मुलांच्या शाळेच्या तासांसाठीं घरोघर आणलेला वेबकॅम करूं शकतो.

एका डोळ्याच्या कॅमेऱ्याला मानेचें वळण कसें कळतें, हा प्रश्न रास्त आहे. तोंड समोर असतां नाक दोन्ही डोळ्यांच्या मधोमध दिसतें. मान वळली कीं तें एका डोळ्याकडे सरकतें आणि दुसऱ्या बाजूचा गाल रुंदावतो. हनुवटी खालीं गेली कीं कपाळ मोठें दिसतें. सगळाच चेहरा मोठा झाला तर तो जवळ आला. चित्रकार हें अनुभवानें ताडतो. संगणकाला असंख्य चेहऱ्यांचीं चित्रें दाखवून तें शिकविलेलें असतें. ओपनट्रॅक नांवाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो व त्याची रचना सर्वांस खुली आहे. तो मानेचीं तीन प्रकारचीं वळणें आणि डोक्याच्या तीन दिशांच्या हालचाली मोजून त्यांचे आंकडे सिम्युलेटरला कळवितो. हें गणित घरच्याच संगणकांत होतें. चेहऱ्याचें चित्र बाहेर कोठें पाठवावें लागत नाहीं, ही कुटुंबवत्सल मंडळींना दिलासा देणारी गोष्ट.

कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेवर, मधोमध व घट्ट बसवावा. तो हलला तर संगणकाच्या मतें डोकेंच हललें. कॅमेऱ्याच्या भिंगांत किती अंशांचें दृश्य मावतें तें कार्यक्रमाला सांगावें लागतें. तो आंकडा चुकला तर अंतरें चुकतात. मान ज्या कण्याभोंवतीं फिरते तो चेहऱ्याच्या बराच मागें असतो. त्यामुळें नुसती मान वळविली तरी नाक आडवें सरकतें, आणि वैमानिक खुर्चीसकट बाजूला गेला असा समज होऊं शकतो. तेवढी दुरुस्तीहि तेथेंच भरावयाची असते.

यापुढें खरा घोळ प्रकाशाचा. पाठीमागें खिडकी असली तर दुपारीं चेहरा काळवंडतो. संध्याकाळीं एकाच मंद दिव्याखालीं बसलें तर कॅमेरा प्रत्येक चित्राला अधिक वेळ घेतो. सेकंदाला ३० चित्रें देणारा १५ वर येतो आणि हलत्या मानेचें चित्र पुसट होतें. उपाय साधा आहे. मेजावरचा दिवा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा, म्हणजे मऊ उजेड तोंडावर पडतो. आणि कॅमेऱ्याची आपोआप उजेड जुळविण्याची संवय बंद करावी. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, म्हणून कॅमेऱ्याच्या मांडणींतहि ५० हाच आंकडा हवा. ६० ठेवला तर कित्येक दिव्यांखालीं चित्रावर पट्टे धांवतात. आणखी एक गोष्ट: मागच्या भिंतीवर आजोबांची तसबीर असेल, किंवा चहाचा पेला घेऊन कोणी पाठीशीं येऊन उभें राहील, तर संगणक त्या चेहऱ्याकडेहि लक्ष देऊं शकतो. आजोबांनीं विमान चालवूं नये म्हणून खुर्चीची दिशा बदललेली बरी.

एवढें झालें तरी मुख्य अडचण शिल्लकच असते. पट्टी पाहण्यासाठीं मान खरोखर ९० अंश वळविली तर पडदाच दिसेनासा होईल. म्हणून येथें एक सोयीचें असत्य पत्करावें लागतें: मान २० अंश वळली कीं दृश्य ९० अंश वळावयाचें, आणि डोळे मात्र तिरके होऊन पडद्यावरच राहावयाचे. ही देवघेव ओपनट्रॅकमध्यें एका वक्ररेषेनें ठरवितां येते. मध्याजवळचे पहिले ३-४ अंश अगदीं सपाट ठेवावे, म्हणजे तबकड्या वाचतांना दृश्य डुलत नाहीं. तेथून पुढें रेषा हळूहळू चढवीत न्यावी. पुष्कळ जण प्रथमच ती फार उभी करतात आणि मग डोकें गरगरतें अशी तक्रार करितात.

उभ्या रेषेची दुसरी शिक्षा म्हणजे थरथर. सरासरी साडेचारपट वाढ धरली तर कॅमेऱ्याची अर्ध्या अंशाची चूक दृश्यांत सव्वादोन अंशांची होते, आणि स्तब्ध बसलेल्या माणसाचें विमान ताप आल्यासारखें कांपूं लागतें. ती थरथर गाळण्यासाठीं मागच्या कांहीं चित्रांची सांगड नव्याशीं घालतात. परंतु जितकें गाळावें तितका उशीर होतो. सेकंदाला ३० चित्रें म्हणजे मुळांतच दोन चित्रांत ३३ सहस्रांश सेकंदांचें अंतर. त्यांत गाळणीची भर पडली कीं मान आधीं वळते आणि आकाश मागाहून येतें. थोडी थरथर सोसावी, परंतु उशीर सोसूं नये. थरथरीकडे मन दुर्लक्ष करूं शकतें. उशिरानें वळणारें आकाश पाहून कित्येकांना मळमळतें. मध्य पुन्हां ठरविण्याची कळ मात्र सुकाणूच्या दांड्यावरच ठेवावी, कारण माणूस खुर्चींत नकळत घसरतो आणि अर्ध्या तासानें सरळ पाहणें हेंच तिरकें होऊन बसतें.

ज्यांस याहून स्थिर काम हवें ते टोपीला किंवा कर्णयंत्राला तीन अवरक्त दिवे लावतात. कॅमेऱ्यांतील अवरक्त किरण अडविणारी कांच काढून तेथें जुन्या रंगीत फोटोफिल्मचा धुतलेला काळा तुकडा बसवितात. त्यांतून नेहमींचा उजेड अडतो व अवरक्त जातो. कॅमेऱ्याला मग चेहरा दिसत नाहीं, तीन ठिपकेच दिसतात, आणि ठिपक्यांचें गणित सोपें व बिनचूक असतें. दिवे, रोधक व तारा हें सारें बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत मिळण्यासारखें आहे. परंतु तो कॅमेरा पुन्हां भाचीच्या शाळेला उपयोगी पडत नाहीं, हें आधींच घरांत सांगून ठेवणें इष्ट.

जे कोणी पुढेंमागें खऱ्या ग्लायडरमध्यें किंवा विमानांत बसूं इच्छितात, त्यांना येथें एक अडचण येते. घरीं २० अंशांत भागतें. खऱ्या वैमानिकाला वळण घेण्यापूर्वीं त्या बाजूचें सारें आकाश, पंखाच्या टोंकाच्याहि मागें, पुरी मान वळवून न्याहाळावें लागतें. दुसरें विमान तेथें असूं शकतें. घरच्या खेळानें केव्हां पाहावें याची संवय लागते, मान किती वळवावी याची लागत नाहीं. अशा उमेदवारानें रेषा शक्य तितकी सौम्य ठेवावी आणि २० च्या जागीं ३० अंश वळावयाची तयारी ठेवावी. मानेला थोडा त्रास होतो, पडद्याची एक कड डोळ्यांच्या अगदीं कोपऱ्यांत जाते, परंतु वाघोलीवरच्या त्या शेवटच्या वळणांत पट्टी खांद्याच्या बाजूस दिसते.